पाण्याकडे पाठ

नेहेते मॅडम नदीवर ड्रोन उडवायच्या, पण नदीकडे बघायच्या नाहीत. काठावर पोहोचलं की त्या आधी घडीची खुर्ची उघडायच्या आणि पाण्याकडे पाठ येईल अशी मांडायच्या. मग डोक्यावरची ओढणी पुढे ओढून हातातल्या पडद्यावर सावली करायच्या आणि मला सांगायच्या, "पवार सर, तुम्ही फक्त वर बघायचं. माझ्याकडे नाही, पाण्याकडे नाही आणि लोकांकडे तर अजिबातच नाही."

माझं काम तेवढंच असे. उडवणाऱ्याचे डोळे पडद्याला चिकटलेले असतात, म्हणून आकाशातल्या यंत्रावर दुसऱ्या कुणीतरी नजर ठेवावी लागते. मी गणित शिकवणारा माणूस. मान वर करून उभं राहण्याइतकी पात्रता माझ्यात होती.

आम्ही दोघं जळगावच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायचो आणि राहायलाही शहरातल्या पिंप्राळ्यातच होतो, एका गल्लीच्या अंतरानं. त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या. अंगानं सडपातळ, चालायला भरभर, केसांची घट्ट वेणी, डाव्या हाताच्या बोटांवर सोल्डरिंगचे डाग देताना बसलेले जुने चटके. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची स्टाफरूममध्ये कुणाची छाती झाली नाही. भरिताच्या दिवसांत मोठा डबा भरून आणायच्या, सगळ्यांना वाढायच्या आणि स्वतः शेवटी डब्याला लागलेलं पुसून खायच्या. "मला आवडत नाही एवढं," म्हणायच्या. सपशेल खोटं.

आवाज त्यांना सोसत नसे. मोठा आवाज तर नाहीच, पण बारीक गुणगुणणारा त्याहून नाही. प्राचार्यांच्या खोलीत बैठक चालू असताना त्या एकदा उठल्या, खुर्चीवर चढल्या आणि ट्यूबलाइट काढून खाली ठेवली. "ही मघापासून बोलतेय," म्हणाल्या. "आता तुम्ही बोला." प्राचार्य अर्ध्या अंधारात बोलत राहिले.

नव्या वर्गाला पहिल्या दिवशी त्या काहीच शिकवायच्या नाहीत. टेबलावर एक जुना रेडिओ ठेवायच्या, दोन स्टेशनांच्या मधे काटा आणायच्या आणि त्या खरखरीत पोरांना बसवून ठेवायच्या. मग एकेक गोष्ट बंद करायच्या. आधी पंखा, मग दिवे, मग पोरांचे मोबाइल. प्रत्येक वेळी खरखर थोडी कमी व्हायची. शेवटी त्या खरखरीखालून कुठलंतरी लांबचं स्टेशन बोलायला लागायचं. जूनच्या उकाड्यात पोरं घामानं निथळत ते ऐकत बसायची.

"ते मघाशीसुद्धा बोलत होतं," मॅडम म्हणायच्या. "आपण ऐकू देत नव्हतो. आधी आपला गोंगाट थांबवा, मग दुसऱ्याचं ऐका."

एवढं एक वाक्य सोडलं तर त्यांनी कधी कुणाला उपदेश केलेला मला आठवत नाही.

ड्रोन तंत्रनिकेतनात आला तो केळीच्या बागांचे फोटो काढायला. पोरांचा प्रकल्प होता. सुटे भाग मागवून मॅडमनीच त्यांच्याकडून जोडून घेतला. परातीएवढं यंत्र, चार पंखे, पोटाखाली कॅमेरा. पोरं पास होऊन गेली आणि ड्रोन प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात पडला. मग एका पावसाळ्यात शेवटच्या वर्षातली एक मुलगी रडत आली. तिचा चुलता तापीत वाहून गेला होता. दुसरा दिवस होता, पट्टीचे पोहणारे थकले होते आणि काठ काट्यांनी भरलेला असल्यामुळे चालत शोधता येत नव्हतं. वरून बघता येईल का, असं ती विचारत होती.

मॅडमनी तिला पुढचा प्रश्न विचारला नाही. ड्रोन उतरवला, ओल्या फडक्यानं पुसला आणि मला म्हणाल्या, "सर, तास आहे का? नसेल तर चला."

पोलीस ठाण्यातून परवानगी घेऊन आम्ही गेलो. तो चुलता दुपारी सापडला, एका वाकलेल्या बाभळीत अडकलेला. मॅडमनी तो पडद्यावर पाहिला, जागा सांगितली, ड्रोन उतरवला, खुर्ची मिटली. लोक पाण्याकडे धावले आणि त्या उलट्या दिशेनं रस्त्याकडे चालू लागल्या.

परतताना चिंचेच्या झाडाखाली चहा घ्यायला थांबलो. मी सहज म्हणालो, "तुम्ही एकदाही वळून बघितलं नाही."

त्या बशीत चहा ओतत होत्या. ओतणं थांबलं नाही.

"माझा भाऊ याच नदीत गेलाय," म्हणाल्या. "दीपक. मला घ्यायला येत होता, मोटरसायकलवर. घरी कानबाईचा सण होता, रोट होते. फरशी पुलावरून पाणी चाललं होतं, त्याला वाटलं निघून जाईल. गाडी सापडली, खालच्या अंगाला. तो नाही."

"कधी?"

"झाली खूप वर्षं. तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते."

त्यांनी चहा संपवला, बशी विसळून परत दिली आणि स्कूटर सुरू केली. पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्या रस्त्यानं गेलो, पण तिथे बसून त्या हे पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

तेव्हापासून फोन येऊ लागले. यावल, रावेर, चोपडा, कुठूनही. पोलीसपाटलाचा, सरपंचाचा, कधी थेट घरच्यांचाच. लोक त्यांना विमानवाली अक्का म्हणू लागले. त्या पैसे घेत नसत, चहा घेत नसत आणि गर्दीत कुणी व्हिडिओ काढायला लागला तर खुर्ची मिटून उठून उभ्या राहत. तो थांबला की परत बसत. दर वेळी माणूस सापडायचाच असं नाही. तापी मोठी आहे आणि पावसाळ्यात तिचा रंग गढूळ चहाचा असतो. पण वरून दोन्ही काठ लवकर बघून होतात, आणि इथे नाही एवढं सांगता आलं तरी थकलेली माणसं पुढच्या वळणावर जाऊ शकतात.

आणि मग ते श्रावणाच्या सुरुवातीचं प्रकरण झालं. त्यानंतर मॅडम बदलल्या, म्हणून ते नीट सांगितलं पाहिजे.

कॉलेजात शिकणारा मुलगा होता. मित्रांबरोबर पोहायला गेलेला. वडील काठावर बसून होते, पायांत चपला नाहीत. मॅडमनी ड्रोन वर नेला. बराच वेळ काही दिसलं नाही. मग एकदम त्या म्हणाल्या, "थांबा. निळं काहीतरी आहे." मुलाच्या अंगात निळा शर्ट होता. नदीच्या मधोमध गाळाचं बेट होतं, त्याच्या पलीकडे वेलींच्या जंजाळात ते निळं होतं. त्यांनी कॅमेरा तिकडे वळवला, चित्र मोठं केलं आणि ड्रोन तिथेच थांबवला, म्हणजे होडीवाल्यांनी त्याच्या खाली यावं.

मी वर बघत होतो. पण ड्रोन थांबून राहिला नाही. आधी तो थोडा घसरल्यासारखा झाला, मग गोल फिरू लागला. घार फिरते तसा, पण दर फेरीला घेर वाढत गेलेला.

"मॅडम, सरकतोय!"

"दिसतंय मला. त्याला आपण कुठे आहोत ते कळत नाहीये."

वारा होता, ड्रोन पाण्याकडे कलला, आणि त्यांनी कसाबसा हातानं सांभाळत तो काठावर आणला. उतरताना एक पंखा तुटला. ड्रोननं नोंदवलेली जागा बघितली तर ती नदीत नव्हतीच, भलत्याच कुणाच्या कपाशीच्या शेतात होती. होडीवाल्यांना त्यांनी आठवणीनं जागा सांगितली. पण वरून दिसणारी नदी आणि होडीतून दिसणारी नदी यांत फार फरक असतो. ते बेटाच्या कडेनं फिरले, तीनदा फिरले. तोवर वरच्या अंगाला पाऊस झाल्यानं पाणी चढू लागलं आणि होडी काढून घ्यावी लागली.

त्या मुलाचे वडील उठून मॅडमजवळ आले. रागानं नाही. हात जोडूनच आले.

"मॅडम, तुमाले दिसला व्हता ना?"

"हो."

"मंग?"

मॅडमनी पडदा त्यांच्यापुढे धरला, मग काय दाखवतो आहोत हे लक्षात आलं तसा पटकन मागे घेतला. वडील जाऊन आपल्या जागेवर बसले.

मुलगा दोन दिवसांनी सापडला, फार खाली. शवपेटी उघडू नका असं सांगून घरच्यांच्या ताब्यात दिला, असं नंतर कळलं.

त्या दिवसापासून मॅडमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी दिवा दिसू लागला. मी जाऊन बसायचो. त्यांचं बोलणं आता जवळजवळ स्वतःशीच चालायचं. आधी त्यांना होकायंत्राचा संशय आला, मग मोटारींचा, मग शेजारच्या इमारतीवरच्या मोबाइल टॉवरचा. एकेक गोष्ट त्या बंद करून बघत होत्या, पहिल्या दिवशीच्या वर्गासारखी. शेवटी दोषी सापडला तो कॅमेरा. कॅमेरा बंद असला की ड्रोनला जागा सांगणारे सोळा-सतरा उपग्रह सापडायचे. कॅमेरा सुरू केला की ते एकेक करून गळायचे आणि पाच-सहा उरायचे. चित्र मोठं केलं की तेही जायचे.

"म्हणजे शोधायला लागलो की हा आंधळा होतो," त्या म्हणाल्या. "नुसतं उडवत राहिलो तर ठीक."

मला समजेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. उपग्रह इतका लांब असतो की त्याची हाक जमिनीवर पोहोचेपर्यंत विरून गेलेली असते. "लग्नाच्या मांडवात बँड वाजतोय आणि चार गल्ल्या पलीकडून आई हाक मारतेय, असं धरा. हा कॅमेरा म्हणजे तो बँड. त्याच्या आतली चिप आणि त्याला जोडणारी चपटी तार नेमक्या त्याच पट्टीत ओरडतात. हा आणि उपग्रहांचं ऐकणारी डबी, दोघं वीतभर अंतरावर बसवलेत. बसवले मीच."

बँडला खोलीत कोंडायचं, हा उपाय. त्यासाठी तांब्याचा पातळ पत्रा लागणार होता. तो मिळाला यासीनभाईंच्या दुकानात. यासीनभाई शेतीपंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. दुकानात सगळीकडे तांब्याची तार, वार्निशचा वास, आणि मधोमध हे ठेंगणे, हसरे गृहस्थ.

"काय मॅडम, पंपाला गुंडाळायचं तांबं पाखराला गुंडाळणार?"

"पाखरू बहिरं झालंय, भाई."

त्यांनी पत्रा दिला, उष्णता सोसणारी पिवळी चिकटपट्टी दिली आणि संध्याकाळी काय झालं ते बघायला गच्चीवरही आले. मग रोजच यायला लागले.

पहिला प्रयत्न घरातल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या कागदाचा होता, पत्रा मिळण्याआधीचा. पोळ्या गुंडाळतात तो. मॅडमनी घाईत सगळंच गुंडाळून टाकलं होतं, उपग्रहांचं ऐकणारी चौकोनी डबीसुद्धा. उपग्रह शून्य. पडद्याकडे बघून त्या हसायला लागल्या. "कानातच बोळे घातले की मी," म्हणाल्या. त्या प्रकरणानंतर त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या वेळी पत्र्याचा एक कोपरा उघड्या तारेला टेकला. बारीक चटका बसल्यासारखा आवाज आला, जळका वास सुटला आणि कॅमेरा गेला. मॅडमनी तो हातात घेतला, बराच वेळ उलटसुलट केला. मी म्हणालो, "मॅडम, जाऊ द्या. दुसरा मागवू. आणि एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळे कितीतरी लोकांना—"

"सर," त्या म्हणाल्या, "त्या माणसानं मला 'मंग?' असं विचारलं. तुम्ही होतात तिथे. त्याचं उत्तर कॅमेऱ्याची तार असं असेल, तर ते मला माहीत तरी हवं ना?"

मी खाली पडलेले तांब्याचे तुकडे गोळा करायला लागलो.

नवा कॅमेरा आला. या वेळी त्यांनी घाई केली नाही. आधी कॅमेऱ्याला आणि चपट्या तारेला पिवळी पट्टी, तिच्यावर तांबं, भिंगाचं तोंड तेवढं उघडं. सगळ्या तांब्याला एकच बारीक तार जोडून ती बॅटरीच्या ऋण टोकाशी एका ठिकाणी डाग देऊन पक्की केली. दोन ठिकाणी जोडली तर तांबं स्वतःच गोंगाट करायला लागतं, असं त्या म्हणाल्या. उपग्रहांची डबी त्यांनी एका बारीक दांडीवर बोटभर उंच नेली. तिच्याखाली तांब्याची चकती, वर फक्त आकाश. ड्रोन आता डोक्यावर तुरा असलेल्या पक्ष्यासारखा दिसायला लागला.

कॅमेरा सुरू केला. आकडा चौदावर आला आणि तिथेच थांबला. चित्र मोठं केलं. चौदाच. यासीनभाईंनी टाळी वाजवली. मॅडमनी ड्रोन गच्चीवर माणूसभर उंच नेला आणि अंगठे बाजूला काढून घेतले. संध्याकाळचा वारा होता, पण तो खिळ्याला टांगल्यासारखा थांबून राहिला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. आनंद झाला असावा असं मला वाटलं, पण तो चेहऱ्यावर काही आला नाही.

त्याच आठवड्यात धुळ्याहून माझ्या भावाचा फोन आला. मी मूळचा धुळ्यातल्या देवपूरचा. पांझरेच्या काठच्या एका गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला गेलेला तरुण पाण्यात ओढला गेला होता. आम्ही यासीनभाईंच्या रिक्षाटेम्पोतून निघालो.

या वेळी ड्रोन सरकला नाही. पुलाच्या खालच्या अंगाला, वाहून आलेल्या झाडाच्या बुंध्याजवळ मॅडमना काहीतरी दिसलं. त्यांनी चित्र मोठं केलं, खात्री करून घेतली आणि यंत्र बरोबर त्याच्या डोक्यावर थांबवलं. पोहणारे त्याच्याकडे बघत बघत आले आणि त्याच्या खाली बुडी मारली. मी मान वर करून उभा होतो. काठावरून उठलेल्या आवाजावरूनच मला कळलं.

मॅडम खुर्ची मिटत होत्या, तेवढ्यात एक म्हातारी माणसांमधून वाट काढत आली. त्या तरुणाची आई. तिनं वाकून मॅडमचे पाय धरले. मॅडम विंचू चावल्यासारख्या मागे झाल्या.

"पाया नका पडू. मी काही आणून दिलं नाही तुम्हाला. काहीच नाही."

म्हातारीला ती प्रमाण मराठी कळली की नाही कोण जाणे. तिनं मॅडमचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तू मन्हा पोर्‍या माले दखाडा वं माय," ती म्हणाली. "आते माले रडता ई."

आणि ती रडायला लागली, मॅडमचा हात न सोडता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मुलगा दाखवलात म्हणतेय. आता मला रडता येईल, म्हणतेय."

त्यांना अहिराणी येत होती. मी उगाच सांगितलं.

जळगावला परतताना त्या टेम्पोत मागे, ड्रोनच्या पेटीजवळ बसल्या. पुढे जागा होती तरी.

ही बातमी फिरत फिरत त्यांच्या गावी पोहोचली. फैजपूरच्या अलीकडे केळीच्या बागांमधलं गाव, तिथे त्यांची आई एकटी राहायची. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. मी त्यांच्या घरी मॅडमबरोबर दोनतीनदा गेलो होतो. दीपकचे दिवस या आईनं घालू दिले नव्हते. तेरावं नाही, श्राद्ध नाही, काही नाही. भाऊबंद सांगून थकले. "डोयानं पाह्यल्याबिगर मी कशी मानू?" एवढंच ती म्हणायची. मॅडम दर रविवारी तिच्याकडे जायच्या आणि दर रविवारी दोघीही त्याचं नाव काढायच्या नाहीत.

त्या रविवारी आईनं काढलं. मी ओट्यावर होतो, आतून ऐकू येत होतं.

"शालू, तू दुसऱ्यायचे पोरं शोधते म्हने. धुयाच्या बाईले तिचा पोरगा काढून देला."

"हो, आई."

"मंग आपल्या दिप्याले काऊन नाई पाह्यत?"

मग मॅडमचा आवाज आला, त्यांच्या गावच्या बोलीत, जी मी तंत्रनिकेतनात त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "आई, आता काय राह्यलं असनार वं? इतके वर्स झाले."

"ते मले नको सांगू. तू पाह्यलं का? एकडाव तरी पाह्यलं का?"

इतकी वर्षं मॅडम ज्या नदीकडे पाठ करून बसत होत्या, त्या नदीत त्यांनी आपल्या भावाला शोधलं नव्हतं.

पाऊस सरला, नदी उतरली, पाणी निवळलं. मार्गशीर्षात एका सकाळी यासीनभाईंच्या टेम्पोतून आम्ही आईला नदीवर नेलं. त्या जुन्या फरशीजवळ. आता तिथे वर नवा पूल आहे, खालची फरशी वाळूत अर्धी बुडाली आहे. मॅडमनी या वेळी दोन खुर्च्या मांडल्या. आईच्या हातात पडदा दिला, तिच्या डोक्यावरून आपली ओढणी घातली आणि ड्रोन वर नेला.

मी माझ्या कामाला लागलो. वर बघत राहिलो. यंत्र फरशीवरून निघालं आणि खाली, प्रवाहाच्या दिशेनं सावकाश गेलं. जिथे आई "थांब" म्हणायची तिथे थांबायचं, अगदी स्थिर. मग पुन्हा पुढे.

"हे काय हाये?"

"म्हशी आहेत, आई. पाण्यात बसल्यात."

"अन् हे?"

"वाळू."

"हे पांढरं?"

"बगळे."

बॅटरी संपली की ड्रोन परत यायचा, मॅडम दुसरी घालायच्या आणि जिथे सोडलं होतं नेमकं तिथून पुढे सुरू करायच्या. जागा चुकत नव्हती. काठावर कुणी नव्हतं. गर्दी नाही, होड्या नाहीत, फक्त आम्ही चौघं आणि लांब कुठेतरी चालू असलेला पंप.

शेवटी मॅडमनी ड्रोन खूप वर नेला, परवानगी होती तितका. पडद्यावर काय दिसलं असेल ते मी तेव्हा पाहिलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं. सबंध नदी दिसली. इकडच्या वळणापासून तिकडच्या वळणापर्यंत, आणि त्याच्या पुढे धुक्यात गेलेली. दोन्हीकडे केळीचा हिरवा पट्टा, आणि मधे ही.

आई पडद्यावर वाकून बघत होती.

"केवढी हाये वं ही," ती अखेर म्हणाली. "मले तं वाटे, हितंच कुठीतरी असंल. फरशीच्या जवय." मग थांबून म्हणाली, "याच्यात मानूस कसा सापडीन?"

मॅडमनी ड्रोन तिथेच थांबवून धरला.

"उतरव ते," आई म्हणाली. "थकली असशीन तू."

त्या महिन्यातच दीपकचा पालाशविधी केला. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा देह करतात आणि त्याला अग्नी देतात. गावाबाहेर, त्यांच्याच शेताच्या बांधाजवळ. भाऊबंद जमले होते, यासीनभाई आणि मी एका बाजूला उभे होतो. गुरुजी पानं मांडत होते आणि दोऱ्यानं बांधत होते. मॅडम जवळ बसून बघत होत्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "गुरुजी, हात एवढे आखूड नव्हते त्याचे."

गुरुजींनी हात थांबवले. "ताई, हे शास्त्रापुरतं असतं."

"असू द्या. मी करते."

गुरुजी सरकले. मॅडम मांडी घालून बसल्या आणि पानं सोडवून पुन्हा बांधायला लागल्या. त्या बोटांना बारीक काम येत होतंच. हात लांब केले. खांदे थोडे रुंद केले. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरता ठेवला. आई शेजारी बसून बघत होती, ती म्हणाली, "मान. मान लांब व्हती." मॅडमनी मान लांब केली. जमलेल्यांपैकी कुणी घाई केली नाही. दुपार झाली तरी कुणी हललं नाही. शेवटी त्यांनी दोऱ्याची गाठ मारली, दातांनी दोरा तोडला आणि जरा मागे सरकून बघितलं. आईकडेही बघितलं. आईनं मान हलवली.

अग्नी कुणी द्यायचा यावर एका चुलतभावानं तोंड उघडलं होतं. आईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मॅडमनी अग्नी दिला. पानं सुकी होती, तुपानं भिजलेली, भराभर पेटली. फार वेळ लागला नाही. आईला धुरातून नीट दिसत नसावं.

"झालं का वं?" तिनं विचारलं.

"झालं, आई."

आई उठली. भाऊबंदांतल्या एका बाईनं तिला हात दिला आणि घराकडे घेऊन गेली. हळूहळू सगळेच निघाले. मॅडम तिथेच उभ्या होत्या. आम्हाला वाटलं त्याही निघतील. पण त्या खाली बसल्या, भर उन्हात, नांगरलेल्या मातीत, आणि तोंडावर हात न घेता मोठ्यानं रडू लागल्या.

मी पुढे व्हायला निघालो, तर यासीनभाईंनी माझा दंड धरला. "राहू द्या, सर," ते हळूच म्हणाले.

आम्ही बांधावरच उभे राहिलो.